एक जूनची माणसं

हुश्श! सुटलो एकदाचे. बावीस महिने चाललेलं आमचं प्रोजेक्ट गेल्या शुक्रवारी कागदोपत्री बंद झालं. साइन-ऑफ आला, केक कापला (अननसाचाच. आयटीत दुसरा केक मिळतच नाही), ग्रुप फोटो झाला आणि सोमवारपासून निम्मी टीम बेंचवर.

प्रोजेक्ट काही फार ग्लॅमरस नव्हतं. एका विमा कंपनीची (नाव सांगत नाही, नोकरी प्यारी आहे) जुनी सिस्टीम बंद करून सगळे ग्राहक आणि पॉलिसी नव्या सिस्टीमवर न्यायच्या. घर बदलण्यासारखंच हे. सामान दोन दिवसांत हलतं, माळ्यावरचं काय ठेवायचं नि काय टाकायचं यात जीव जातो.

तर प्रोजेक्ट संपताना एक कागद भरायचा असतो, 'लेसन्स लर्न्ड' नावाचा. 'कम्युनिकेशन सुधारायला हवे', 'स्टेकहोल्डर्सना लवकर सहभागी करून घ्यावे' वगैरे. कुठल्याही प्रोजेक्टचा कागद कुठल्याही प्रोजेक्टला लावा, फिट्ट बसतो. मग तो शेअरपॉइंटवर जाऊन पडतो. नवीन प्रोजेक्ट सुरू करताना कुणी तो उघडून वाचलाय, असं मी गेल्या पाच वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही. त्यामुळे मीही एरवी तिकडे लक्ष दिलं नसतं. पण या वेळी त्यात एक ओळ होती: 'ग्राहकांच्या दुबार नोंदींबाबत टेस्टिंग अपुरे पडले.'

डोकंच फिरलं.

जरा मागचं सांगतो. जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक पॉलिसीची वेगळी नोंद. एकाच माणसाच्या तीन पॉलिसी असतील तर तो तीनदा. नव्या सिस्टीममध्ये माणूस एक तर नोंद एक. मग दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखायचं कसं? नियम ठरला: नाव, आडनाव, जन्मतारीख आणि पिनकोड, चारही जुळले की माणूस एकच. वडिलांचं नाव जुन्या डेटात कित्येक ठिकाणी रिकामं होतं, म्हणून ते वगळलं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या. कागदावर नियम चोख दिसत होता.

आता तुमच्या घरातल्या जुन्या माणसांच्या जन्मतारखा आठवा बरं. किंवा १ जूनला फेसबुक उघडा. आपल्याकडे, विशेषतः खेड्यात, पूर्वी जन्मतारीख कोण लिहून ठेवणार? पोराला शाळेत घालायला नेलं की गुरुजी उंची नि दात बघून वर्ष धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. एकेका पिनकोडात कितीतरी गावं, गावात आडनावं मोजकी, त्यात ज्ञानोबा-तुकाराम-सुमन घरोघरी. अशा ठिकाणी १ जून १९५८चे दोन तुकाराम पवार निघणं हा अपवाद नसतो!

हे आमच्या टेस्ट लीडला पहिल्या झटक्यात दिसलं. ती सोलापूर जिल्ह्यातली. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. तिचे वडील, दोन्ही काका आणि आई, सगळे १ जूनचे. (''आमच्याकडं एकाच दिवशी चार केक लागतात, म्हणून कुणीच आणत नाही,'' इति ताई.) तिने तिसऱ्याच महिन्यात मेल टाकला, सोबत संशयास्पद जोड्यांची यादी. उत्तर आलं, 'एज केस आहे. लो प्रायॉरिटी.' गो-लाइव्हची तारीख एस्टिमेट करायच्या आधीच क्लायंटला सांगून झाली होती, त्यामुळे नियम पुन्हा लिहायला वेळ होताच कुठे?

गो-लाइव्हनंतर पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. याच्या हप्त्याची पावती त्याला, त्याचा पत्ता याला. त्यात एका बाईंचा क्लेम अडकला. नवरा वारलेला, कागद सगळे बरोबर, पण सिस्टीम म्हणे यांनी मागच्याच महिन्यात मोबाइल नंबर बदललाय. बदलला होता खरा, पण दुसऱ्या तुकारामांनी. त्या बाई एकोणीस दिवस शाखेत खेटे घालत होत्या. शेवटी साडेतीनशेच्या वर जोड्या आम्ही एकेक करून सोडवल्या, स्कॅन केलेल्या फॉर्मवरच्या सह्या आणि अंगठे बघून बघून.

आणि आता म्हणे टेस्टिंग अपुरे पडले!

मी मॅनेजरकडे गेलो. ते म्हणाले, ''अरे, ब्लेम गेम नको. कुणाचं नाव लिहिलंय का आपण?'' नाव नव्हतं, हे खरं. पण टेस्टिंग टीम तीन माणसांची, तिची लीड एक. अप्रेझलच्या वेळी तो कागद काढला की नाव आपोआप कळतं. ताईला विचारलं तर म्हणे, ''जाऊ दे रे, कोण वाचतंय?''

'ब्लेम नको' हे तत्त्व मला मनापासून पटतं. नॉर्मन कर्थ यांनी २००१ साली प्रोजेक्ट रेट्रोस्पेक्टिव्हवर पुस्तक लिहिलं, त्यात हेच गृहीत धरायला सांगितलंय: त्या वेळी जे ठाऊक होतं, हाताशी जे होतं, त्यात प्रत्येकाने जमेल तेवढं चांगलंच काम केलं. पण 'त्या वेळी काय ठाऊक होतं' हे तरी खरं लिहाल की नाही?

याचा नमुना म्हणून मी सरांना एरियान ५चा अहवाल दाखवला. ४ जून १९९६ला हे युरोपियन रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत फुटलं. ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबताना प्रोग्रॅम कोसळला, आणि तोही एरियान ४मधून जसाच्या तसा उचललेल्या कोडमध्ये. या रॉकेटला उड्डाणानंतर त्या भागाची गरजसुद्धा नव्हती. जाक-लुई लायन्स या गणितज्ञांच्या समितीने दीडेक महिन्यात अहवाल दिला. इंजिनियरांवर बोट ठेवलेलं नाही, पण कुठला निर्णय का घेतला गेला ते उलगडून दाखवलंय. सरांनी वाचला की नाही, माहीत नाही.

याच धबडग्यात जुना सर्व्हर बंद करायचं काम माझ्याकडे आलं. बंद करण्याआधी त्यावर चालणारं सगळं मी वाचून काढतो. हे खूळ नाइट कॅपिटलचं प्रकरण वाचल्यापासूनचं. अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी. २००३पासून न वापरलेला कोड त्यांनी काढलाच नव्हता. १ ऑगस्ट २०१२ला आठपैकी एका सर्व्हरवर नवीन कोड चढवायचा राहिला, तिथे तो जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. बाजार उघडायच्या आधी सिस्टीमने ९७ मेल पाठवले होते. कुणी त्यांच्याकडे इशारा म्हणून पाहिलंच नाही.

तर आमच्या सर्व्हरवर एक क्रॉन जॉब सापडला. रोज रात्री सव्वादोनला चालायचा. फाइलचं नाव 'एकजून'. कुठल्याही डॉक्युमेंटात उल्लेख नाही. आत बघतो तर काय, ज्यांची जन्मतारीख १ जून आहे त्यांच्या नोंदी शोधून 'हाताने तपासा' अशी खूण करणारी वीसेक ओळींची स्क्रिप्ट! वर रोमन लिपीत कॉमेंट: 'ही माणसं वेगळी आहेत, एकत्र करू नये.' साल २००९. ज्याने लिहिली तो केव्हाच सोडून गेलेला. शाखेतल्या जुन्या क्लार्कना विचारलं तर म्हणे, ''हो, सकाळी ती यादी यायची की. आता येत नाही.''

मी आणि ताई त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसलो. ती म्हणाली, ''हा पण आमच्याकडचाच असणार.''

ती कॉमेंट, तिचा तिसऱ्या महिन्यातला मेल आणि उत्तर, तिन्ही एका पानावर टाकून मी पुन्हा सरांकडे गेलो. अर्धा तास कीस पाडल्यावर ओळ बदलली: 'धोका तिसऱ्या महिन्यात कळवण्यात आला होता, मुदतीमुळे त्याला कमी प्राधान्य देण्यात आले.' 'कोणी दिले' हे काही लिहू दिलं नाही. ठीक आहे.

त्यापेक्षा ताईने केलेलं काम मला जास्त आवडलं. नव्या सिस्टीमच्या टेस्टमध्ये तिने दोन तुकाराम पवार कायमचे घालून ठेवलेत, दोघेही १ जून १९५८चे. पुढे कुणी नियमाला हात लावला आणि ते एक झाले, तर बिल्डच फेल होतो. आणि वर २००९ची ती कॉमेंट, जशीच्या तशी.

ताई बुधवारपासून एका बँकेच्या प्रोजेक्टवर गेली. मी अजून बेंचवर.