जिन्याखालच्या सायकली

दिल्लीतील कोणत्याही जुन्या सरकारी वसाहतीत जावे आणि एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली वाकून पाहावे. फुटक्या कुंड्या, बदलीच्या वेळी कोणीतरी मागे ठेवलेला कूलर, रंगाचे रिकामे डबे, आणि या सर्वांच्या आड भिंतीला टेकून उभी असलेली एक तरी सायकल तेथे हटकून सापडेल. टायर बसलेले, चेनीवर तांबूस गंज, घंटीची वाटी नाहीशी झालेली. मुलगा पाचवीत गेला म्हणून ती हौसेने आणलेली असते. सातवीत त्याच्या मागे शिकवण्या लागतात आणि सायकल जिन्याखाली जाते. सरकारी माणसाची बदली होते, सायकलीची होत नाही. ट्रकात जागा उरत नाही, म्हणून ती पुढच्या बिऱ्हाडाला वारसाहक्काने मिळते. रामकृष्णपुरममध्ये आम्ही राहावयास आलो तेव्हा आमच्या जिन्याखाली अशा चार सायकली होत्या आणि त्यांचे मालक कोण हे कोणालाच सांगता येत नव्हते.

मी मूळची मिरजेची. मिरज-सांगलीकडे मुलगी आठवी-नववीत गेली की तिला सायकल मिळते, यात कोणाला काही विशेष वाटत नाही. वकिलाची मुलगी आणि शिंप्याची मुलगी एकाच फाटकातून सायकली हातात धरून बाहेर पडतात. त्यामुळे सायकल ही एखाद्या थराची खूण असू शकते, हे ज्ञान मला दिल्लीने दिले. येथे सायकल म्हणजे माळी, दूधवाला, रद्दीवाला आणि रात्रीचा चौकीदार. पहिल्याच आठवड्यात मी दुधाच्या केंद्रावर सायकलने गेले, तेव्हा शेजारच्या सरदारजींनी मोठ्या आपुलकीने विचारले, “मॅडम, स्कूटी खराब है क्या?” स्कूटी मुळातच नाही हे कळल्यावर त्यांनी ती हप्त्यांवर देणाऱ्या दुकानाचा पत्ता सांगितला. त्यात टिंगल मुळीच नव्हती. करुणा होती, आणि टिंगलीला उत्तर देता येते तसे करुणेला देता येत नाही.

मौज अशी की, ज्या कारकून वर्गाला आज सायकलीचा संकोच वाटतो, त्याच वर्गाने एके काळी दिल्लीचे रस्ते सायकलींनी भरून टाकले होते. १९५० आणि १९६० च्या दशकांतील छायाचित्रे पाहावीत. सचिवालयातून घरी निघालेल्या बाबू लोकांचा तो लोंढा पाहिला म्हणजे मोटार ही त्या रस्त्यावर उपरी वाटते. सायकल घेण्यासाठी सरकार बिनव्याजी अग्रिम देत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीनंतर, २०१६ साली, तो बंद झाला. सायकल भत्ताही रद्द व्हावा असे आयोगाचे मत होते. २०१७ मध्ये तो कसाबसा टिकला, महिना ९० रुपयांचा १८० रुपये झाला, पण पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांच्यापुरता. आपल्या टेबलावरून ये-जा करणाऱ्या नियमांच्या कागदांतच सायकल कारकुनाच्या हातून कशी निसटत गेली हे वाचावयास मिळते. देशातून मात्र ती गेलेली नाही. २०११ च्या जनगणनेत शंभरांतील सुमारे ४५ कुटुंबांकडे सायकल होती. गेली ती आपल्या जिन्यावरून. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत असत, त्या पुण्याचेही याहून निराळे काय झाले?

आमच्या भागातील रहिवासी संघाचे सचिव उत्साही गृहस्थ आहेत. निवृत्तीला दोन वर्षे उरली असल्यामुळे प्रकृतीविषयी ते फार जागरूक असतात. ‘साइकिल और स्वास्थ्य’ अशा मथळ्याची एक सूचना त्यांनी फळ्यावर लावली. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, पर्यावरण, सारे काही तिच्यात होते. रविवारी सकाळी सहाला सर्व कुटुंबांनी सायकलींसह जमावे, अशी विनंती होती. त्या रविवारी सचिव होते, मी होते आणि रोजच्याप्रमाणे फिरावयास निघालेला एक कुत्रा होता. लोकांना ही माहिती नव्हती असे नाही. सायकल प्रकृतीला चांगली, हे कोणाला ठाऊक नसते? आवळाही चांगलाच असतो. प्रत्येक दाराआड जी गोष्ट अडून बसली होती ती निराळीच होती, आणि ती मला सूचनाफलकापाशी कळली नाही, आमच्या वरच्या मजल्यावरील गढवाली भाभींनी सांगितली.

भाभींचे वय अडतीस. पती एका कार्यालयात सहायक. सकाळी आठला मेट्रो गाठतात ते रात्रीच परत येतात. धाकट्याला शाळेतून आणणे, दवाखान्याच्या रांगेत उभे राहणे, भाजी, दळण, हे सर्व भाभी पायी करीत. एका संध्याकाळी त्या साखर मागावयास आल्या. वाटी भरून दिली तरी जाईनात. शेवटी दाराशी वळून म्हणाल्या, “दीदी, मुझे भी सिखा दोगी? पर किसी को बताना मत.” माहेरी, डोंगरात, सायकल चालवण्याजोगा सपाट रस्ताच नव्हता. लग्न होऊन दिल्लीला आल्या तेव्हा रस्ता मिळाला. पण तोपर्यंत त्या कोणाच्या तरी सूनबाई झालेल्या होत्या.

मोठ्या माणसास सायकल शिकवावयाची झाल्यास मागून सीट धरून धावू नये. मूल पडले तर लगेच उठते, मोठे माणूस पडण्याआधीच घाबरते. सीट इतकी खाली घ्यावी की बसल्या जागी दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. मग दोन्ही पायडले काढून टाकावीत. बाजारातला पंक्चरवाला ती काढून देतो. घरी काढणाऱ्याने मात्र हे ध्यानात ठेवावे की डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तो सैल करावयास पाना उजवीकडे फिरवावा लागतो. आता माणसाने सायकलीवर बसून नुसते पायांनी ढकलत पुढे जावे. पाय केव्हाही टेकता येतात, म्हणून भीती उरत नाही. तोल आपोआप येतो आणि तो आला की पायडले पुन्हा बसवावीत. ओढणी खांद्यावरून तिरपी घेऊन कमरेला घट्ट बांधावी, नाही तर ती चाकात जाते.

जिन्याखालच्या चारांपैकी एक लेडीज सायकल मी आधीच दुरुस्त करून घेतली होती. रात्री साडेनऊनंतर, स्वयंपाकघरे आवरली की, इमारतीमागे पाण्याच्या टाकीजवळ आमचा वर्ग भरू लागला. आठव्या रात्री भाभी टाकीपासून आंब्याच्या झाडापर्यंत पाय न टेकता गेल्या. तेथे त्यांना वळता येईना, म्हणून त्या खाली उतरल्या, सायकल हाताने फिरवली आणि पुन्हा बसून परत आल्या. त्या काही बोलल्या नाहीत. मला मात्र त्या वेळी त्या अडतीस वर्षांच्या दिसल्या नाहीत.

गुपित अर्थातच टिकले नाही. तळमजल्यावरील तमिळ मामी खिडकीतून सर्व पाहत होत्या. मामी साठीच्या पुढच्या. त्यांची नणंद पुदुकोट्टै जिल्ह्यातली. १९९१-९२ साली त्या जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्याची लाट आली. शीलाराणी चुंकत नावाच्या कलेक्टर बाईंचा तिला पाठिंबा होता. हजारो बायका सायकलवर बसल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या; त्या आडव्या दांड्यावर मूल बसवता येते, ही सोय त्यांना उलट आवडली. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्याविषयी लिहिले आहे. मामींच्या नणंदेने त्या वेळी दागिन्यासाठी साठवलेल्या पैशांतून सायकल घेतली होती. ही हकीकत मामींनी जिन्यातच, मोठ्या आवाजात सांगितली, आणि दुसऱ्या दिवसापासून भाभी उजेडी सायकल चालवू लागल्या.

सचिवांच्या सूचनेने जे झाले नाही ते यानंतर आपोआप होऊ लागले. भाभी कोणाच्या मॅडम नव्हत्या, परगावाहून आलेल्या हौशी बाई नव्हत्या; त्या सर्वांसारख्याच होत्या. त्या भोपळा आणि कोथिंबीर हँडलला अडकवून बाजारातून परत येऊ लागल्या, तेव्हा समोरच्या इमारतीतील सुनेने सासूला विचारले. सासूने नाही म्हटले नाही. एका मल्याळी कुटुंबाने नवऱ्याची, बायकोची आणि मुलीची अशा तीन सायकली एकदम आणल्या. तीन महिन्यांत रविवारी सकाळी सात घरांतील माणसे निघू लागली. पुढे एक मोठे माणूस, मागे एक, मध्ये मुले. वसाहतीच्या आतील रस्त्यांनी फेरा घ्यावयाचा, मलई मंदिराच्या टेकडीखाली थांबावयाचे, मामींनी दिलेली फुले वर पोचती करावयाची आणि परत. आउटर रिंग रोड ओलांडावयाचा नाही, हा नियम.

आणि मार्चमधील एका रविवारी, उभ्या मोटारीचे दार अचानक उघडले. बंगाली कुटुंबातील अकरा वर्षांचा मुलगा त्यावर आदळला. हनुवटीला पाच टाके पडले. मोटारवाले गृहस्थ भले होते. त्यांनीच मुलाला दवाखान्यात नेले आणि वाटेत तीनदा म्हणाले, की मुलांनी रस्त्यावर यावेच कशाला. पुढच्या रविवारी सातांपैकी तीनच घरे आली. मुलाच्या वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण जिन्यात भेटले की ते आता नुसती मान हलवत. दुसऱ्याच्या मुलाला रस्त्यावर काढण्याचा मला काय अधिकार, हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला अनेकदा विचारला आहे. ‘घरात बसून कोण सुरक्षित आहे’ असली उत्तरे मला पटत नाहीत. टाके खरे होते.

पण तो अपघात रस्त्याने केला, हेही तितकेच खरे आहे. आमच्या वसाहतीचे रस्ते आखले गेले तेव्हा येथे मोटार असणे ही अपूर्वाई होती. आज त्या रस्त्यांच्या दोन्ही कडांना मोटारी उभ्या असतात आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून मूल, म्हातारा, सायकल आणि धावती मोटार यांनी एकमेकांना चुकवीत जावे लागते. दिल्लीने एकदा सायकलीला स्वतंत्र पट्टी देऊन पाहिली होती. आंबेडकरनगर ते मूलचंद या मार्गावर २००८ साली बसगाड्यांसाठी राखीव मार्गिका झाल्या, त्यांच्याबरोबर सायकलींचीही. मोटारवाल्यांची त्यावर सतत ओरड राहिली आणि २०१६ मध्ये ते सारे उखडले गेले. २०१४ पासून कॅनॉट प्लेसला रविवारी सकाळी मोटारी बंद ठेवून ‘राहगिरी’ भरू लागली होती; तेथे लोक हजारोंनी जमत. म्हणजे माणसांना सायकल नको असते असे नाही. त्यांना दार उघडणार नाही अशी दोन तासांची खात्री हवी असते.

ती खात्री आपल्या एका गल्लीपुरती तरी मिळवावी, म्हणून सचिव आणि मी घरोघर फिरलो. मागणी लहान होती: शनिवारी रात्री मागच्या रस्त्यावरील मोटारी एकाच बाजूस लावाव्यात आणि रविवारी सहा ते आठ तेथून मोटार काढू नये. एकोणीस मोटारवाल्यांपैकी चौदांनी होकार दिला. तिघे विचार करीत आहेत. दोघांनी चहा पाजला आणि नकार दिला. त्यांपैकी एकाचे म्हणणे, जागा गेली तर परत मिळत नाही, आणि दिल्लीत राहणाऱ्यास ते खोटे म्हणता येत नाही. सरदारजी होकार देणाऱ्यांत पहिले. त्यांनी मला अजून स्कूटीचे विचारणे सोडलेले नाही. नोव्हेंबरमध्ये हवा धुराने जड होते, तेव्हा आम्ही मुलांना बाहेर काढीत नाही. मग फेब्रुवारीपर्यंत चाकांत हवा भरून ठेवणे एवढेच हाती राहते.

बंगाली मुलगा अद्याप येत नाही. त्याची आई मात्र परवा आली. तिला आधी स्वतः शिकावयाचे आहे. मुलगा पुन्हा निघाला तर मोटारींच्या बाजूने आपण राहू, असे तिने ठरवले आहे. मी भाभींचे नाव सुचवले, कारण शिकवण्यात त्या आता माझ्याहून तयार झाल्या आहेत. गुरुवारी रात्री साडेनऊ, पाण्याच्या टाकीजवळ. तिची उंची भाभींपेक्षा कमी आहे. सीट आणखी दोन बोटे खाली घ्यावी लागेल.