रांग अडवणारा

रात्री दोन वाजता प्रॉडक्शनवर ऑल्टर टेबल चालवणं हा माझा मान होता. टीममधल्या दुसऱ्या कुणाला मी तो कधी दिला नाही. गेल्या महिन्यात दोन वर्षांचा अनुभव असलेल्या एका मुलीने सकाळी अकराला, भर गर्दीत, आमच्या सर्वांत मोठ्या टेबलाला कॉलम जोडला. तेव्हापासून रात्रीची जागरणं संपली आहेत आणि मला करमत नाही.

कॉलम जोडणं आता जड राहिलेलं नाही. पोस्टग्रेसच्या ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, डिफॉल्ट स्थिर असेल तर टेबल नव्याने लिहिलं जात नाही. कॅटलॉगमध्ये नोंद होते, काम मिलिसेकंदांत उरकतं. मला छळत आलंय ते त्याच्या आधीचं थांबणं. तेवढ्या कामासाठीही ऑल्टरला ॲक्सेस एक्सक्लुझिव्ह लॉक लागतो. एखादा रिपोर्ट चाळीस मिनिटं तेच टेबल वाचत बसला असेल, तर ऑल्टर त्याच्या मागे उभा राहतो. इथवर ठीक. पण नंतर आलेली साधी सिलेक्ट, जिचं रिपोर्टशी काहीच वाकडं नाही, तीही ऑल्टरच्या मागे अडकते. टेबलात एक अक्षर बदललेलं नसतं आणि सगळा कारभार ठप्प असतो.

असं एकदा माझ्या हातून घडलं. स्क्रीनवर लॉकसाठी ताटकळलेल्या क्वेरी मोजत होतो. नऊ होत्या, बघता बघता साठ झाल्या, मग कनेक्शन पूलच संपला. मी रिपोर्ट मारला, ऑल्टर पुढे गेला, साइट पुन्हा चालू झाली. सकाळच्या मेलमध्ये लिहिलं, रिपोर्टमुळे अडलं. तो रिपोर्ट रोज रात्री चालायचा, कुणालाही न अडवता. रांग अडवून मी उभा होतो. रिपोर्ट लिहिणाऱ्या सहकाऱ्याने निमूटपणे त्याची वेळ बदलली. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

या मुलीने मायग्रेशनच्या पहिल्याच ओळीत लॉक टाइमआउट दोन सेकंदांवर ठेवला. तेवढ्यात लॉक मिळाला नाही तर ऑल्टरने माघार घ्यायची, मागच्यांना जाऊ द्यायचं, थोड्या वेळाने परत यायचं. ही सोय ९.३ मध्ये, २०१३ सालीच आली. मला माहीत होती. माघार घेणारा ऑल्टर मला दुबळा वाटायचा. खरं सांगायचं तर, दिवसाढवळ्या बिनबोभाट होणाऱ्या कामाला कुणी ‘सर, तुम्ही होतात म्हणून निभावलं’ म्हणत नाही.

माझ्या काही तक्रारी मात्र मी सोडणार नाही. ओआरएमने काढून दिलेलं मायग्रेशन न वाचता पुढे ढकलणारे वाढलेत. नॉट नल लावताना आधी नॉट व्हॅलिड चेक टाकावा, मग तो सावकाश व्हॅलिडेट करावा, म्हणजे १२ व्या आवृत्तीपासून नॉट नलसाठी अख्खं टेबल पुन्हा तपासावं लागत नाही, एवढंही त्यांना सांगावं लागतं. आणि ‘डाउन’ लिहिलं की परत फिरता येतं हा भ्रम. ड्रॉप केलेला कॉलम डाउनने परत येतो, पण रिकामा. आत जे होतं ते गेलेलं असतं.

पण ही मुलगी त्यांतली नाही. त्या सकाळी मी तिच्या मागे खुर्ची ओढून बसलो होतो. पहिला प्रयत्न दोन सेकंदांनी परतला. दुसराही. ती शांतपणे म्हणाली, ‘‘सर, कुणीतरी वाचतंय. वाचू दे त्याला.’’ तिसऱ्यांदा झालं.

पहिले दोन प्रयत्न परतले तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिसराही परतावा, तिने वळून माझ्याकडे बघावं, रात्री मी बघतो असं मला म्हणता यावं, असं मनात आलं होतं. ती वळली नाही.