कासची अधित्यका आणि जवळचें भिंग

पर्वतमाथ्यावरील सपाट भूमीस संस्कृतांत 'अधित्यका' म्हणतात. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारें २५ किलोमीटरवर असलेलें कासचें पठार हें तिचें उत्तम उदाहरण होय. २०१२ सालीं जागतिक वारसा ठरलेल्या सह्याद्रीच्या स्थळांत त्याची गणना झाली. जांभ्या खडकावर मातीचा थर अगदीं पातळ. त्यामुळें मोठीं झाडें नाहींत, परंतु भाद्रपदांत सारें पठार फुलांनीं भरून जातें.

उभ्यानें पाहणारास केवळ रंगाचे गालिचे दिसतात. खालीं बसावें, तेव्हां नखाएवढीं 'सीतेचीं आसवें' दिसूं लागतात. हीं निळसर-जांभळीं फुलें धरणारी नाजूक वनस्पति ओल्या मातींतील सूक्ष्म फुग्यांनीं जीव पकडते, आणि शेजारची 'दवबिंदु' चिकट केसांवर कीटक धरते, हें आम्हांस नेहमींच नवल वाटतें.

याचें चित्र घेऊं इच्छिणाऱ्या तरुण वाचकांस भिंगाविषयीं दोन शब्द सांगावेसे वाटतात. वस्तूचें बिंब मूळ आकाराएवढें उमटविणारें 'मॅक्रो' भिंग साधारणतः ६०, १०० किंवा १८० मिलिमीटरचें मिळतें. बिंब तिहींत सारखेंच. भेद आहे तो अंतराचा. ६० चें भिंग फुलाच्या अगदीं तोंडाशीं न्यावें लागतें व त्याची सावली फुलावर पडते. १०० चें सुमारें १४ सेंटिमीटर दूर राहतें. १८० चें वीतभर दूर राहतें खरें, पण तें जड व महाग. वाऱ्यांत हातीं स्थिर राहत नाहीं. ५० च्या साध्या भिंगामागें पोकळ कडी बसविणें स्वस्त पडतें, परंतु तेव्हांही फुलाच्या फार जवळ जावें लागतें.

आणखी एक गोष्ट. पूर्ण आकाराच्या बिंबांत छिद्र ११ वर ठेवलें तरी एक-दीड मिलिमीटरच भाग स्पष्ट येतो. अर्ध्या आकारावर समाधान मानल्यास तो सुमारें तिप्पट होतो, आणि मागेंही सरतां येतें.

हें मागें सरणें कासला फार महत्त्वाचें आहे. एका चित्रासाठीं पालथे पडून भोवतालचीं रोपें चिरडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. यांतील बहुतेक रोपें एका पावसाळ्याचींच. बीं धरण्यापूर्वीं चिरडलीं तर पुढील वर्षाचें बियाणेंच बुडालें. म्हणून आमचें मत १०० च्या भिंगास आहे. वाटेच्या कडेचें फूल निवडावें, वारा पडेपर्यंत थांबावें, आणि वाट सोडूं नये.