चारशे सत्तर ओहम

गेल्या दिवाळीत मामांकडे धर्मापुरीला गेलो होतो. केदारेश्वराचं देऊळ, किल्ला वगैरे लहानपणापासून इतक्यांदा पाहिलंय की आता सुट्टीत नवं काहीतरी उद्योग लागतो. या वेळी तो होता मामांची जुनी जीप. कारखान्यांचा सीझन सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, बऱ्याचदा मागे दिवा-रिफ्लेक्टर काही नाही. म्हणून मामांनी पुढे दोन जादा लाईट बसवून घेतले होते. बटणं मात्र अंधारात चाचपडत शोधायची. म्हटलं, मी देतो चार एलईडीवाली बटणं बसवून. पुण्याच्या तापकीर गल्लीतून सगळं सामान आणलंच होतं.

आता गणित तर शाळेतलं. बॅटरी १२ व्होल्टची, लाल एलईडी त्यातले साधारण २ खाते, उरले १०. पाकिटावर लिहिलेला करंट २० मिलीअँपिअर. १० भागिले ०.०२ म्हणजे ५०० ओहम. बाजारात ५०० मिळत नाही, ४७० मिळतो. पाव वॉटचे चार रेझिस्टर लावले, प्रत्येकावर टेप घट्ट गुंडाळली, डॅशबोर्डमागे सारले. अंगणात काय मस्त दिसत होतं!

रात्री परळी स्टेशनला पाहुण्यांना आणायला निघालो. अर्ध्या वाटेत मामा म्हणाले, "काही जळायलंय का रे?"

जीप बाजूला घेतली. टेप वितळून चिकट झाली होती आणि रेझिस्टरला बोट लावलं तर चटका बसला. मला घाम फुटला, कारण तिथेच शेजारून बाकीच्या सगळ्या वायरी जातात. चौघांची वायर तोडून टाकली आणि तसेच पुढे गेलो.

चूक कुठे झाली? १२ हा आकडा फक्त बॅटरीवर छापलेला असतो. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिला चार्ज करतो, तेव्हा मल्टिमीटर १४.२ दाखवत होता. म्हणजे रेझिस्टरवर १०चे झाले १२.२, करंट २६ मिलीअँपिअर, आणि उष्णता ०.३२ वॉट. रेझिस्टर पाव वॉटचा! वरून मी त्याला टेपची गोधडी पांघरलेली. अंगणात इंजिन बंद होतं, म्हणून काही कळलं नाही. (आपल्या मशीनवर चालतंय ना, मग सोडा रिलीज. आमच्या धंद्यातली जुनी खोड.)

आणि मुळात २० मिलीअँपिअर हवाच कशाला? ती त्या एलईडीची कमाल मर्यादा, गरज नव्हे. दुसऱ्या दिवशी १४.५ व्होल्ट धरून २.२ किलोओहम लावला: जेमतेम पावणेसहा मिलीअँपिअर, उष्णता ०.०७ वॉट. हात लावून पाहिला, गार. चारही बटणांना वेगवेगळा रेझिस्टर, कारण एकच सामायिक लावला तर किती बटणं चालू आहेत त्यावर प्रत्येकाचा उजेड कमीजास्त होतो. शिवाय बॅटरीकडून येणाऱ्या वायरला एक छोटा फ्यूज, जो मी आदल्या दिवशी 'नंतर बघू' म्हणून सोडला होता. रेझिस्टर फक्त एलईडीला वाचवतो. वायर कुठे घासून बॉडीला लागली तर त्याचा काही उपयोग नाही.

रात्री पुन्हा चक्कर. मामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. म्हणाले, "डोळ्यात घुसायलंय हे. बटण बघू का रस्ता बघू?"

खरं होतं. डोळे अंधाराला सरावले की दिवसा फिका वाटणारा ठिपकाही टोचतो. म्हणून ४.७ किलोओहम. इथे आणखी एक गंमत: ४७० म्हणजे पिवळा-जांभळा-तपकिरी, आणि ४.७ किलो म्हणजे पिवळा-जांभळा-लाल. टॉर्चच्या उजेडात तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात, आणि कालचे ४७० त्याच डब्यात पडलेले! प्रत्येक रेझिस्टर मल्टिमीटरवर मोजूनच लावला.

तुम्ही असलं काही करणार असाल तर आधी बटणाची माहिती वाचा. १२ व्होल्टचं म्हणून विकतात त्या बऱ्याच बटणांत रेझिस्टर आतच असतो.

तिसऱ्या रात्री पुन्हा परळी, या वेळी पाहुण्यांना सोडायला. मामा जाताना-येताना बटणांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. गावाजवळ पुढे एक बिनदिव्याची ट्रॉली आली, तेव्हा न बघता बरोबर दुसऱ्या बटणावर त्यांचा हात गेला.