आर्णीहून मगनवाडीस

प्रवासवर्णन म्हटले की काशी, रामेश्वर, निदानपक्षी माथेरान तरी त्यात असावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. आम्ही केलेला प्रवास एका दिवसात जाऊन परत येण्याजोगा, तोही एस. टी.च्या गाडीने. त्यात ना हिमशिखरे, ना समुद्र. तथापि ह्या वयात आमच्या पक्क्या झालेल्या मतास जेवढे हादरे त्या एका दिवसाने दिले, तेवढे पूर्वीच्या कोणत्याही तीर्थयात्रेने दिले नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आर्णी हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, अरुणावतीच्या काठी वसलेले. नागपूरहून तुळजापुरास जाणारा हमरस्ता येथून जातो. बाबा कंबलपोष ह्यांच्या दर्ग्याच्या उरुसास लांबलांबून सर्व जातींची माणसे लोटतात, आणि त्या दिवसांत आमच्यासारख्या सोवळ्याओवळ्याच्या घरातही पाहुण्यांस जागा पुरत नाही. सभोवार काळी जमीन. तीत कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर बियाणे, खते, औषधे, कापड आणि मोबाइल ह्यांची दुकाने ओळीने लागतात. येथे पिकणारा कापूस गाठी बांधून परगावी जातो व सदऱ्याचे रूप घेऊन परत येतो. मधल्या सगळ्या क्रिया कोठे व कोण करतो, हे आमच्या मुलांस ठाऊक नसते. आणि खरे सांगावयाचे तर आम्हांसही नव्हते.

आमच्या घराची पुढची खोली रस्त्यालगत आहे. वह्यापुस्तकांचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थांनी ती गेल्या वर्षी सोडली. तिला बियाणे व कीटकनाशके विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून महिना ८,००० रुपयांचे मागणे आले. त्याच सुमारास आमच्या धाकट्या सूनबाईंनीही तीच खोली मागितली. त्यांनी कलाशिक्षक पदविकेची परीक्षा दिलेली आहे. त्यांचे म्हणणे असे, की खोलीच्या अर्ध्या भागात काम करावयाचे आणि अर्ध्यात ते विकावयाचे : रंगविलेले कापड, मातीच्या वस्तू, हातकागदाच्या वह्या. सकाळी मुलांस चित्रकला शिकवावयाची व एलिमेंटरी, इंटरमिजिएट ह्या शासकीय परीक्षांस बसवावयाचे. दुपारी गावातील स्त्रियांसाठी वर्ग. जो करील तो शिकवील, जो शिकेल तो पुढे करील, आणि झालेले सर्व तेथेच मांडले जाईल.

एकत्र कुटुंबात असा प्रश्न एकट्याने सुटत नाही. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, शाळा काढायची तर शाळा काढा, दुकान काढायचे तर दुकान. दोन्ही एका उंबऱ्यात म्हणजे विद्येचा बाजार होईल.” आम्हीही त्यांचीच री ओढली. संस्कृत शिकविण्यात हयात गेल्यामुळे आधारही चटकन सापडला. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’च्या पहिल्या अंकात गणदास नावाचा नाट्याचार्य आहे, केवळ पोटासाठी विद्या बाळगणाऱ्यास तो ज्ञान विकणारा वाणी म्हणतो. आम्ही हे भर माजघरात सर्वांस ऐकविले. सूनबाईंनी उलट उत्तर केले नाही. रात्री पानाचा डबा पुढे ठेवताना एवढेच म्हणाल्या, “मामंजी, नाही म्हणण्याआधी एकदा माझ्याबरोबर वर्ध्यास चला.”

ह्या विनंतीस नकार देणे आम्हांस जमले नाही.

आर्णीहून यवतमाळ, तेथून कळंब, पुढे देवळी व वर्धा, हा सगळा एकच हमरस्ता. कळंबास चिंतामणीचे दर्शन घेतले. हा गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते, आणि समोरच्या कुंडातील पाणी काही वर्षांच्या अंतराने चढते, म्हणून यात्रेकरूंस त्याचे मोठे कौतुक. फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब रेल्वेही सुरू झाली. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ मात्र बंद पडली. कापूस वाहण्यासाठी घातलेल्या त्या गाडीत बालपणी आम्ही खिडकीच्या जागेसाठी पुष्कळ भांडलो आहो, असो. कळंब सोडल्यावर वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो.

मगनवाडी वर्धा शहरातच आहे. पूर्वी हा जमनालाल बजाज ह्यांचा बगीचा होता. तो त्यांनी ग्रामोद्योगांच्या कार्यास दिला, आणि १९२८ साली वारलेल्या मगनलाल गांधींचे नाव त्यास देण्यात आले. साबरमतीच्या आश्रमाचा व्यवहार ज्यांच्या शिरावर होता, ते हे मगनलाल. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व त्याचे ठाणे येथे पडले. १९३५ मध्ये गांधीजी स्वतः येथे राहावयास आले आणि १९३६ च्या एप्रिलअखेरीस शेगावास, म्हणजे पुढच्या सेवाग्रामास, गेले.

संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. लंडनास हिशेबतपासनीसाची परीक्षा दिलेला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात राजस्वाचा अभ्यास केलेला हा मनुष्य तेलाची घाणी, हातकागद, मधमाश्या, साबण आणि ताडगूळ ह्यांच्या नादी लागला. भाबडेपणाने लागला असता तर आम्ही त्याचे नाव घेतले नसते. दमडीचा हिशेब ठेवणारा असा माणूस म्हणत होता, की वस्तूची किंमत आणि वस्तूचे मोल ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्वस्त मिळालेल्या वस्तूचे उरलेले पैसे कोणी तरी दुसऱ्याने भरलेले असतात. १९३६ चे त्यांचे ग्रामचळवळीवरील पुस्तक आम्ही पूर्वी चाळले होते आणि मनात फारसे काही न राहता ठेवून दिले होते.

ह्या आवाराची गंमत अशी, की येथे शोध घेणारे, शिकविणारे, बनविणारे आणि विकणारे वेगवेगळ्या गल्ल्यांत बसविलेले नव्हते. बाहेरगावचे कार्यकर्ते येथे येऊन वर्गात शिकत, घाणीवर काम करीत, आणि शिकलेले आपल्या गावी नेत. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडले गेले, तेही ह्याच हेतूने. संग्रहालय म्हणजे मेलेल्या वस्तूंचे कपाट, अशी आमची समजूत होती. येथे मांडलेली वस्तू पाहणाऱ्याने ती घरी जाऊन करून पाहावी, असा मूळचा संकल्प. आज त्या आवारात ग्रामीण उद्योगांच्या संशोधनाची सरकारी संस्था आहे आणि संग्रहालयही चालू आहे. रासायनिक खतांवाचून पिकविलेल्या कापसाची, वनस्पतींच्या रंगात रंगविलेली खादी तेथे विकली जाते.

चरख्यांच्या जाती पाहताना आम्ही बराच वेळ घालविला. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते, हे वाचकांपैकी कित्येकांस ठाऊक नसेल. मगन चरखा नावाचा जो आहे, तो पायाने फिरतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहून एकदम दोन सूत काढता येतात. कातीत बसलेल्या एका बाईंनी आमची उत्सुकता पाहून आपला साधा चरखा पुढे केला. आम्ही पेळू धरला, चाक फिरविले, सूत तुटले. पुन्हा जोडून दिले, पुन्हा तुटले. बाई म्हणाल्या, “गुरुजी, ओढू नका. हात नुसता मागं न्या, सूत आपलं आपण येतं.” सातव्या खेपेस वीतभर सूत आले, जाडेभरडे, मध्येच गाठाळलेले. पस्तीस वर्षे आम्ही मुलांकडून शब्दरूपे पाठ करून घेतली. एखाद्याचे रूप चुकले की ‘एवढे सोपे कसे येत नाही?’ असे आम्ही विचारीत असू. तो प्रश्न ह्या बाईंनी आम्हांस विचारला नाही.

सूनबाई तोवर कापडापाशी उभ्या होत्या. रंगांचे प्रकरण त्यांनी आम्हांस तेथेच समजावून दिले, ते आम्हांस फार मनोरंजक वाटले. फुले-साली उकळून कापड बुडविले की रंग चढला, असे नाही. तो पहिल्याच धुण्यात उतरतो. आधी कापडास हिरड्याचे पाणी पाजावे लागते व तुरटी द्यावी लागते, म्हणजे रंग धाग्यास धरून बसतो. मग मंजिष्ठेचा तांबडा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा. गुळाच्या पाण्यात लोखंडाचे तुकडे काही दिवस आंबवले, की त्या पाण्याने हिरडा पाजलेले कापड काळे होते. निळीची तऱ्हा तर सर्वांहून निराळी. ती पाण्यात विरघळतच नाही. आंबवून तिचे रूप पालटावे लागते. पिंपातून कापड बाहेर येते ते पिवळसर हिरवे, आणि वारा लागताच डोळ्यांदेखत निळे होते. हे ऐकताना आमच्या मनात आले, की रसायनशास्त्राचा हा पाठ आमच्या शाळेत फळ्यावर खडूने शिकविला गेला, आणि गुणांपुरताच पाठ झाला.

शाळेचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट सांगून टाकू. ऑक्टोबर १९३७ मध्ये ह्याच वर्धा शहरात शिक्षणपरिषद भरली, तीत हस्तोद्योगातून शिक्षण देण्याचा विचार मांडला गेला आणि झाकिर हुसेन ह्यांच्या समितीने त्याची योजना आखली. तिचेच क्षीण पडसाद म्हणजे आमच्या काळचे कार्यानुभवाचे तास. आम्ही जेथे शिकविले, तेथे वेळापत्रकात आठवड्यातून ते तास असत, चित्रकलेचेही असत. वार्षिक परीक्षा जवळ आली की आम्ही चित्रकलेच्या मास्तरांस सांगत असू, “तुमचा तास आज आम्हांस द्या, भाग मागे पडला आहे.” ते बिचारे रंगांच्या वाट्या उचलून निमूटपणे बाहेर जात. किती वर्षे हे चालले, त्याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. मुलांच्या चेहऱ्याकडेही कधी पाहिले नाही.

परतीच्या गाडीत सूनबाईंस डोळा लागला. आम्ही खिडकीशी बसून गणदासाचे ते बोलणे पुन्हा मनात आणले. पुष्कळ वर्षे शिकविलेल्या श्लोकाचा अर्धाच भाग आपण माजघरात सांगितला, हे तेव्हा ध्यानात आले. गणदास ज्याची निंदा करतो, तो दुकानदार नव्हे. आपल्यास जागा मिळाली, आता वाद कशास, असे म्हणून कसोटीस भिणारा, कोणी नावे ठेवली तरी सोसून बसणारा जो नोकरीतला पंडित, त्यास तो वाणी म्हणतो. गणदास स्वतः राजाचा पगार घेतो, आणि तरी आपल्या शिष्येची परीक्षा सर्वांसमोर होऊ द्या म्हणून पुढे सरसावतो. दुकानाच्या फळीवर वस्तू मांडणाऱ्याची परीक्षा रोजच असते. वस्तू बरी नसेल तर गिऱ्हाईक हात न लावता पुढे जाते. आमची परीक्षा नेमणुकीच्या दिवशी झाली, ती झाली. यवतमाळ येईपर्यंत आम्ही हाच विचार करीत होतो, आणि तो सुखाचा नव्हता.

घरी आल्यावर बंधूंस सर्व सांगितले. श्लोकाचा उरलेला भागही सांगितला. ते हसले, पण भाड्याचा मुद्दा त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडावा असे आम्हांसही वाटत नव्हते. महिना ८,००० वर पाणी सोडणे आमच्या घरास सोपे नाही. ह्याविषयी मुंबईचे उदाहरण आम्ही पुढे केले : सा. ल. हळदणकर ह्यांच्यासारख्या थोर चित्रकारानेही १९०८ साली आपला कलावर्ग काढला व तो चालविला. कलेने पोट भरणे आणि कला शिकविणे एकाच माणसाने केले तर बिघडत नाही. बंधू म्हणाले, “ती मुंबई, ही आर्णी.” ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. शेवटी पहिल्या वर्षी भाडे ४,००० धरावे, ते सूनबाईंनी वर्गांच्या फीमधून द्यावे, आणि दरमहा हिशेबाची वही बंधूंस दाखवावी, असे ठरले. सूनबाईंनी आपल्याकडून एक गोष्ट घातली. विकावयाच्या प्रत्येक वस्तूस चिठ्ठी असेल, आणि तीवर सामान किती व मजुरी किती, हे निरनिराळे लिहिलेले असेल. कुमारप्पांस ही चिठ्ठी आवडली असती, असे आम्हांस वाटते.

खरा पेच पुढेच होता. मातीचे काम सूनबाईंस शाळेतल्या तासापुरते येते. त्यांनी बाजारात पणत्या विकणाऱ्या एका वृद्ध कुंभारांस शिकविण्यासाठी बोलाविले, तासाचे पैसे ठरविले, आणि मुलांनी त्यांस ‘गुरुजी’ म्हणावे असे सांगितले. ही हाक आर्णीत आजवर आम्हांस मारली जाई. घरात थोडी कुजबूज झाली. बसावयास काय द्यावयाचे, चहा कोणत्या कपात, इथपर्यंत गोष्टी गेल्या. हे छापताना लाज वाटते, पण आमच्यासारख्या घरांतून हे अद्याप घडते, हे वाचक जाणतातच. आम्ही आमची शाळेतली जुनी खुर्ची खोलीत नेऊन ठेवली.

पहिल्या रविवारी नऊ मुले आली. त्यांपैकी पाच वाढीव गुणांच्या आशेने पालकांनी धाडलेली, तिघे केवळ कुतूहलाने, आणि एक त्या कुंभारांचीच नात, जिने आजवर आजोबांच्या चाकास हात लावला नव्हता. वृद्धांनी खुर्चीकडे पाहिले आणि म्हणाले, “खुर्चीवरून चाक चालत नाही, गुरुजी.” ते खाली बसले. मग आम्हीही धोतर सावरून त्यांच्या समोर जमिनीवर बसलो. आमची पणती भट्टीत तडकली. मुलांच्या पणत्यांपैकी चार बऱ्या निघाल्या. त्या चिठ्ठ्या लावून फळीवर मांडल्या आहेत. सामान दोन रुपये, मजुरी आठ. आजपर्यंत एक विकली गेली आहे, आणि ती बंधूंनी घेतली.