बिटकॉइन वॉलेटचा विसरलेला पासवर्ड

बिटकॉइनच्या वॉलेटचा पासवर्ड विसरला तर तो बदलून देणारे कोणी नसते. बँकेचा पासवर्ड विसरलेल्या खातेदाराला शाखेत जाता येते, ओळखपत्र दाखवता येते, अर्ज भरता येतो. बिटकॉइनची खरेदी-विक्री जिथे होते त्या एक्सचेंजवर खाते असेल तर तिथेही ओळख पटवून नवा पासवर्ड मिळू शकतो. मात्र ज्याने आपली नाणी एक्सचेंजवरून काढून स्वतःच्या संगणकावर घेतली, त्याचा आणि नाण्यांचा संबंध फक्त त्या पासवर्डाने जोडलेला असतो. 3 जानेवारी 2009 रोजी सुरू झालेल्या बिटकॉइनच्या जाळ्यात मालकाचे नाव कुठेही नोंदलेले नाही, त्यामुळे मालकी सिद्ध करण्यासाठी दार ठोठावावे असे ठिकाणही नाही.

वॉलेट हा शब्द थोडा दिशाभूल करणारा आहे. नाणी वॉलेटमध्ये नसतात. कोणत्या पत्त्यावर किती नाणी आहेत याची वही जगभरच्या हजारो संगणकांवर उघडी असते. वॉलेटमध्ये असते ती प्रायव्हेट की, म्हणजे 256 बिटांची एक प्रचंड मोठी संख्या. ती ज्याच्याकडे असेल त्यालाच त्या पत्त्यावरची नाणी पुढे पाठवता येतात. मूळ बिटकॉइन प्रोग्रॅममध्ये सुरुवातीला ही संख्या फाइलमध्ये जशीच्या तशी ठेवलेली असे; फाइल हाती लागली की नाणी गेली. 2011 मध्ये आलेल्या 0.4 आवृत्तीपासून ती पासवर्डाने कुलूपबंद करण्याची सोय झाली. पासवर्ड विसरला तरी पत्ता आणि त्यावरची शिल्लक मात्र कोणालाही दिसत राहते. रक्कम डोळ्यांसमोर आहे, तिचा भाव रोज बदलतो आहे आणि तिला हात लावता येत नाही, ही अवस्था वर्षानुवर्षे सोसणे कठीण असते.

हे कुलूप मुद्दाम संथ केलेले असते. दिलेला पासवर्ड एका यादृच्छिक संख्येत मिसळून त्यावर एकच गणिती क्रिया किमान 25 हजार वेळा केली जाते. कुलूप लावताना त्या संगणकाला साधारण एक दशांश सेकंद लागेल इतक्या आवर्तनांची संख्या प्रोग्रॅम स्वतःच ठरवतो. मालकाला हा उशीर जाणवतही नाही, पण लाखो पासवर्ड चाचपून पाहणाऱ्याची वाट त्यामुळे लांबते. एक गोष्ट मात्र मालकाच्या बाजूची आहे. संगणकावरच्या वॉलेट फाइलला चुकांची मर्यादा नसते. हजार वेळा चुकले तरी ती फाइल नष्ट होत नाही.

सगळ्याच साधनांत ही मुभा नसते. जर्मनीत जन्मलेले आणि सॅन फ्रान्सिस्कोत राहणारे प्रोग्रॅमर स्टेफान थॉमस यांना 2011 मध्ये बिटकॉइनची ओळख करून देणारी चित्रफीत बनवल्याबद्दल मिळालेली 7,002 बिटकॉइन आयर्नकी या कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये अडकली. दहा वेळा चुकीचा पासवर्ड दिला की ते साधन आपल्यातली माहिती कायमची बंद करते. जानेवारी 2021 मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रात आली तेव्हा त्यांच्या आठ संधी संपलेल्या होत्या. अमेरिकी पत्रकार मार्क फ्राउएनफेल्डर यांची अडचण वेगळ्या जातीची होती. त्यांच्या ट्रेझर या हार्डवेअर वॉलेटच्या उपकरणात सुमारे 7.4 बिटकॉइन होती, वॉलेट परत मिळवून देणारे चोवीस शब्द लिहिलेला कागद घराच्या साफसफाईत फेकला गेला आणि मग पिनही आठवेना. प्रत्येक चुकीनंतर पुढच्या प्रयत्नासाठी थांबण्याचा काळ दुप्पट होत होता. त्यांनी संमोहनतज्ज्ञाचीही मदत घेतली. अखेर 2017 मध्ये ब्रिटनमधल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने शोधलेल्या त्रुटीमुळे त्यांचे उपकरण उघडले.

प्रस्तुत लेखकाचे वॉलेट यांच्या तुलनेत फार लहान, फक्त 0.6 बिटकॉइनचे. ती नाणी 2013 च्या हिवाळ्यात सुमारे 25 हजार रुपयांना घेतलेली होती. 24 डिसेंबर 2013 रोजी रिझर्व्ह बँकेने आभासी चलनांच्या धोक्यांबद्दल जनतेला सावध करणारे निवेदन काढले. त्यात हॅकिंगच्या जोडीला पासवर्ड हरवण्याचा धोकाही स्पष्ट नमूद होता. देशातल्या काही एक्सचेंजनी लगेच व्यवहार थांबवले. नाणी दुसऱ्याच्या ताब्यात ठेवणे त्या आठवड्यात धोक्याचे वाटले, म्हणून लेखकाने ती स्वतःच्या वॉलेटमध्ये घेतली. संगणकात व्हायरस असेल या भीतीने वॉलेट तयार करण्यासाठी पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली वापरली, इंटरनेट बंद ठेवले, पासवर्ड दोनदा टाकला आणि फाइलच्या प्रती दोन हार्डडिस्कवर ठेवल्या. सगळी खबरदारी घेतली गेली. पासवर्ड कागदावर लिहिला नाही, कारण तो कधीच विसरणार नाही अशी खात्री होती.

डिसेंबर 2017 मध्ये भाव चढले तेव्हा फाइल उघडायला घेतली आणि पासवर्ड चुकीचा असल्याचे उत्तर आले. तोच पासवर्ड पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर पाहून टाकला. तेच उत्तर. पुढच्या आठवड्यात चाळीस-पन्नास फेरफार करून झाले. त्या काळात सर्वांत जास्त छळले ते आठवणीच्या वागण्याने. प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर मूळ आठवण पुसट होत जाते, कारण कालचा अंदाज आजच्या आठवणीत मिसळतो. महिन्याभराने आठवणारा पासवर्ड 2013 मधला आहे की मागच्या मंगळवारी सुचलेला, हे सांगता येईनासे होते. म्हणून पासवर्ड विसरल्याचे लक्षात येताच, काहीही टाकून पाहण्याआधी, जे आठवते ते तारखेसह लिहून काढणे हे पहिले काम. लेखकाने ते दुसऱ्या दिवशी केले. वहीच्या पहिल्या पानावरची पहिली ओळ होती: पारिजातक, मग वडिलांच्या स्कूटरच्या नंबरातले चार अंक, मग ॲटचे चिन्ह.

त्यानंतर तीन वर्षे फाइल पडून राहिली. थॉमस यांची बातमी वाचल्यावर फेब्रुवारी 2021 मध्ये लेखकाने पुन्हा काम हाती घेतले, या वेळी पद्धतशीर. त्यासाठी बीटीसीरिकव्हर नावाचा मुक्त प्रोग्रॅम मिळतो. पासवर्डाचे आठवणारे तुकडे, त्यांचे पर्याय आणि क्रम त्याला एका साध्या फाइलमध्ये लिहून द्यायचे. जुळण्या करून एकेक पासवर्ड चाचपण्याचे काम तो करतो. लेखकाच्या संगणकावर वेग सेकंदाला साधारण शंभर पासवर्ड इतका मिळाला.

मराठी माणसाच्या पासवर्डाचा एक विशेष इथे उपयोगी पडतो आणि अडचणीचाही ठरतो. इंग्रजी शब्दकोश घेऊन पासवर्ड फोडणाऱ्याच्या यादीत पारिजातक बहुधा नसतो. पण रोमन लिपीत हा शब्द लिहिण्याची एकच रीत मालकाकडेही नसते. पा लिहिताना ए एकदा की दोनदा, रि मध्ये आय की दोन ई, जा मध्ये पुन्हा एक ए की दोन, त साठी नुसता टी की टीएच? प्रत्येक ठिकाणी दोन, असे सोळा पर्याय झाले. सगळी अक्षरे लहान, पहिले मोठे की सगळी मोठी, हे तीन पर्याय धरले की अठ्ठेचाळीस. ज्ञ असलेला शब्द निवडणाऱ्याची अडचण याहून मोठी, कारण ते अक्षर मराठी माणूस एका तऱ्हेने लिहितो, पुस्तके दुसऱ्या तऱ्हेने आणि हिंदी भाषक तिसऱ्याच तऱ्हेने.

एका शब्दाच्या 48 रूपांना तीस संभाव्य अंकसमूह, अंकांच्या ओळीवरची दहा चिन्हे, ती तीनपैकी कोणत्याही जागी किंवा कुठेच नाही, आणि शब्द आधी की अंक आधी, एवढे धरले की 89,280 पासवर्ड होतात. पंधरा मिनिटांत ते तपासून होतात. पारिजातकाने काही उघडले नाही, तेव्हा शब्दांची यादी वाढवली. जुन्या घराच्या अंगणातली झाडे, आजोळच्या गावाच्या वाड्या, घरातल्या माणसांची लाडाची नावे, आवडत्या नाटकांची नावे. पत्नीने आपणहून चौदा शब्द घातले आणि त्यांतले काही लेखकाला स्वतःला सुचले नसते. दोनशे शब्दांसाठी सुमारे 1 कोटी 79 लाख पासवर्ड झाले. संगणक दोन दिवस चालला. हाती काही आले नाही. मग फक्त वीस शब्द ठेवून प्रत्येक पासवर्डात टंकनाची एक चूक धरली: एखादे अक्षर गळलेले, दोनदा पडलेले, शेजारच्याशी अदलाबदल झालेले. त्याला बारा दिवस लागले. तरीही नाही. विसरलेल्या पासवर्डाबद्दल काहीच आठवत नसते तर हा मार्ग पहिल्या पावलालाच बंद झाला असता. इंग्रजी कीबोर्डवरच्या 95 चिन्हांतून निवडलेल्या आठ यादृच्छिक चिन्हांच्या जुळण्या 66 लाख अब्जांहून अधिक भरतात. या वेगाने त्यांना वीस लाख वर्षे लागतील.

अशा वेळी मदत देऊ करणारे भेटतात. एका गृहस्थांनी फोनवर संपूर्ण वॉलेट फाइल आणि आगाऊ रक्कम मागितली. दोन्ही देणे चुकीचे. फाइल दिली आणि समोरच्याला पासवर्ड सापडला तर नाणी त्याची झाली. मालकाला ते कळेल तोवर व्यवहार पूर्ण झालेला असतो आणि तो उलटवता येत नाही. पुण्यात 2018 मध्ये दाखल झालेल्या एका मोठ्या क्रिप्टो फसवणुकीच्या तपासात पोलिसांना तांत्रिक साह्य करणाऱ्या दोघांनाच मार्च 2022 मध्ये अटक झाली, जप्त वॉलेटांमधली नाणी वळवल्याच्या आरोपावरून. मदत घ्यायचीच असेल तर सुरक्षित रीत उपलब्ध आहे. वॉलेट फाइलमधून फक्त कूटबद्ध मास्टर की, म्हणजे प्रायव्हेट कींचे कुलूप उघडणारी की, वेगळी काढून देता येते. तेवढ्यावर पासवर्ड बरोबर की चूक हे तपासता येते, पण प्रायव्हेट की मूळ फाइलमध्ये मालकाकडेच राहतात. प्रामाणिक तंत्रज्ञ तेवढ्यावर काम करतो आणि यश आल्यावर ठरलेला हिस्सा घेतो. लेखकाने त्या गृहस्थांना नकार दिला.

उत्तर मिळाले ते मार्चअखेरीस, जुना प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडवताना. वॉलेट तयार केले तो पेनड्राइव्ह वॉरंटीच्या कागदांच्या डब्यात सापडला आणि अजून चालत होता. त्यावरून संगणक सुरू केला की आधी कीबोर्डची मांडणी विचारली जाते. लेखकाचा हात विचार न करता ब्रिटिश इंग्रजीकडे गेला, कारण शाळेपासून शिकलेले स्पेलिंग ब्रिटिश. पुढे कोऱ्या पानावर वहीतली पहिली ओळ टंकली. शेवटी ॲटचे चिन्ह उमटायला हवे होते. तिथे दुहेरी अवतरणचिन्ह उमटले. ब्रिटिश मांडणीत शिफ्ट धरून दोनचा आकडा दाबला की अवतरणचिन्ह येते, आणि ॲट उजवीकडे दुसऱ्या कळीवर असते. भारतात विकल्या जाणाऱ्या संगणकांच्या कळांवर अमेरिकी मांडणी छापलेली असते, म्हणून डोळ्यांना संशय आला नाही. पासवर्डाच्या चौकटीत तर नुसते ठिपके दिसतात. 2013 मध्ये तोच चुकीचा उमटलेला पासवर्ड दोन्ही वेळा सारखाच पडला, म्हणून प्रोग्रॅमनेही तो मान्य केला होता.

वॉलेटची प्रत त्याच प्रणालीत उघडून वहीतली पहिली ओळ जशीच्या तशी टाकली. वॉलेट उघडले. पारिजातकात पहिल्या ठिकाणी दोन ए होते, बाकी सगळे साधे. आठवण पहिल्या दिवसापासून बरोबर होती. शोधाच्या यादीत अमेरिकी कीबोर्डवरचीच दहा चिन्हे असल्यामुळे दोन आठवड्यांच्या मोजणीत अवतरणचिन्ह एकदाही आले नव्हते. अशाच कारणाने कॅप्स लॉक, उजवीकडचा बंद असलेला अंकफलक आणि देवनागरीकडे वळलेला कीबोर्ड हेही संशयितांच्या यादीत आधी यायला हवेत, जुन्या शब्दांच्या यादीपेक्षा आधी.

संगणकाच्या स्थितीचा माग काढण्याने याहून अवघड वॉलेटही उघडले आहे. 2013 मध्ये एका युरोपीय मालकाने 43.6 बिटकॉइनसाठी रोबोफॉर्म या प्रोग्रॅमकडून वीस अक्षरांचा पासवर्ड तयार करून घेतला आणि तो ठेवलेली फाइल पुढे खराब झाली. अमेरिकी हार्डवेअर तज्ज्ञ जो ग्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्याला असे आढळले की त्या काळच्या आवृत्तीत पासवर्ड संगणकाच्या घड्याळातल्या तारीख-वेळेवर ठरत असे. वेळ मागे नेत त्यांनी तो पासवर्ड पुन्हा निर्माण केला. तो 15 मे 2013 रोजीचा निघाला. 2024 मध्ये हे जाहीर झाले.

वॉलेट उघडल्यावर त्याच दिवशी करण्याची कामे दोन. शोधात वापरलेला संगणक, वही, यादी या सगळ्यांत पासवर्ड विखुरलेला असतो, म्हणून नाणी नव्या वॉलेटमध्ये हलवायची. आणि जुन्या प्रायव्हेट की फेकायच्या नाहीत, कारण 1 ऑगस्ट 2017 रोजी बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश हे चलन वेगळे झाले तेव्हा त्याआधीच्या प्रत्येक पत्त्यावर तितकीच नवी नाणीही जमा झाली आहेत. लेखकाने नवे वॉलेट हार्डवेअर उपकरणावर घेतले. त्याचे चोवीस शब्द 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखू येतो, म्हणून ते पेन्सिलने लिहून ठेवणे पुरते. त्यांना जोडून स्वतःचा एक अधिकचा शब्द घेण्याची सोय लेखकाने वापरली नाही. तो शब्द चुकला तर उपकरण चूक दाखवत नाही, शांतपणे दुसरेच रिकामे वॉलेट उघडते, आणि मालकाला नाणी चोरीला गेल्यासारखे वाटते.

भारतात यापुढचा भाग कागदपत्रांचा. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार अशी नाणी विकल्यावर नफ्यावर 30 टक्के दराने कर लागतो, अधिभार आणि उपकर वेगळा, आणि खरेदीची किंमत सोडून दुसरी कोणतीही वजावट मिळत नाही. शोधासाठी झालेला खर्च त्यात धरता येत नाही. 2013 च्या खरेदीची पावती जुन्या ईमेलमध्ये सापडली; तिची छापील प्रत आणि चोवीस शब्दांचा कागद वेगवेगळ्या पाकिटांत, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक घरी, असे ठेवले आहे. कोणते पाकीट कुठे आहे हे पत्नीला आणि मुलीला माहीत आहे. घरच्या पाकिटावर तारीख आहे, आणि त्याखाली कीबोर्डची मांडणी कोणती, हेही लिहिले आहे.