वीस वॉटचा इस्राफ?

आमच्या अब्बांच्या रेडिओचं लाकडी खोकं वाळवीनं खाल्लं, ट्रान्सफॉर्मर जळाला. पण स्पीकरला ताकद पुरवणारा ईएल 84 वाल्व शाबूत राहिला. चोरबाजारात त्याला जोडीदार मिळाला आणि त्या दोघांचा मी घरीच प्रीअॅम्प बांधला.

जाणकार हसले. प्रीअॅम्पचं काम हलकं: सीडी प्लेअरचा सिग्नल पुढच्या अॅम्प्लिफायरपर्यंत नीट पोचवायचा. त्यासाठी बहुतेक जण ईसीसी 83 हा छोटा वाल्व घेतात. पाटी उचलायला बैल कशाला जुंपायचा?

पण हिशेब करून पाहा. सीडी प्लेअर मुळातच 2 व्होल्ट देतो. ईसीसी 83 ची पन्नास-साठ पट वाढ तिथं कामाची नाही. शिवाय त्याचा अंतर्गत रोध सुमारे 62,000 ओहम. नेहमीच्या साध्या जोडणीत 500 पिकोफॅरडची, म्हणजे साधारण पाच मीटरची केबल लावली, की 8,000 हर्ट्झच्या आसपास वरचे सूर गळू लागतात. कव्वालीतल्या टाळीची धार बोथट होते.

ईएल 84 ची स्क्रीन ग्रिड 100 ओहमच्या रोधातून प्लेटला जोडली, की तो ट्रायोडसारखा चालतो. अंतर्गत रोध 2,000 ओहमच्या आसपास येतो, वाढ वीस पटींच्या आत राहते. स्पीकर हलवायची ताकद असलेल्या वाल्वला एवढासा सिग्नल म्हणजे काहीच नाही. तो आवाज न पिळता, न ताणता पुढं सोडतो.

एका जुम्म्याच्या नमाजनंतर मित्रानं विचारलं, "हे सगळं ठीक, पण हा इस्राफ नाही का?"

प्रश्न थट्टेचा नव्हता. एका वाल्वच्या हीटरला 4.8 वॉट लागतात. प्लेटवर 250 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर, म्हणजे आणखी 5 वॉट. दोन्ही मिळून जवळपास 20 वॉट. हेच काम एक छोटी चिप एका वॉटच्या आत करते. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, असं शिकलेल्या माणसानं हा आकडा नजरेआड कसा करायचा? वाल्व भंगारातून वाचवला म्हणून वीज काही फुकट होत नाही.

म्हणून घरात एक नियम केला. स्वयंपाक करताना, झाडलोट करताना मागं काहीतरी वाजत राहावं, यासाठी चिप. वाल्व लावायचा तो फक्त बसून ऐकायचं असेल तेव्हाच. हीटर तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात अम्मी इशाच्या नमाजनंतर जानमाज घडी करून ठेवते, खुर्ची ओढते. मग कुणी फोन हातात घेत नाही. ऐकून झालं की स्विच बंद.